कडेची पेशी

गेणबा मेला असे यंत्राने जाहीर केले, तेव्हा गेणबा माझ्या शेजारीच बसून चहात बटर बुडवत होता. त्याने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आपल्याला तरी तसे काही जाणवले नाही असे शांतपणे सांगितले. बटराचा भिजलेला अर्धा भाग तेवढ्यात कपात पडला.

हे कसे घडले ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. जमेलच असे नाही. मी नोकरीभर बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. म्हणजे इतरांनी नीट सांगितलेले कपाटात लावून ठेवण्याचे काम केले. निवृत्त झाल्यावर शेळगावला परत आलो.

माझी नात वैष्णवी बारामतीला संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायूंच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात. शरीर नाही, छाती नाही, तरी त्या बशीत धडधडत राहतात. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आत कॅल्शियम उसळते आणि ओसरते. आधी एक खास रंग घालून ठेवला असेल तर उसळलेले कॅल्शियम चमकते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा व्हिडिओ घेतला की काळोखात ठिपके लुकलुकताना दिसतात.

हे लुकलुकणे मोजणारे सॉफ्टवेअर वैष्णवीने तयार केले आहे. ते पेशी आपली आपण शोधते, प्रत्येकीभोवती रेघ काढते, चमक किती लवकर चढली आणि किती सावकाश उतरली याचा आलेख देते. ठोका सांभाळणाऱ्या पेशीला हिरवी रेघ, चुकवणाऱ्या पेशीला लाल. कोण आधी चमकली आणि कोण तिच्यामागून, हेही बाण काढून दाखवते. जी पेशी न ओसरता सारखी चमकतच राहते तिला ते मृत म्हणते, कारण मेलेल्या पेशीत रंग भरून बसतो. आणि जी पेशी चित्राच्या कडेला अर्धवट कापली गेली असेल, तिला ते मोजतच नाही. अर्ध्यावरून पूर्णाबद्दल बोलू नये, असे वैष्णवी म्हणते. पाने फाटलेल्या पुस्तकांच्या बाबतीत माझेही तेच मत होते, म्हणून हा नियम मला लगेच पटला.

सॉफ्टवेअर बरोबर मोजते की नाही हे ताडून पाहायला तिला एक माणूस हवा होता. त्याला या विषयातले काही कळता कामा नये, आणि तो कंटाळता कामा नये. तिने मला फोन केला. एक जुना लॅपटॉप घेऊन ती आली, त्यात सगळे भरून दिले, आणि मी आमच्या ओट्यावर बसून ठिपका चमकला की बटण दाबू लागलो. माझा आकडा यंत्राशी जुळला नाही की मी यंत्राचे खरे मानून पुन्हा मोजत असे. वैष्णवीला हे कळले तेव्हा ती रागावली. यंत्राला विचारूनच उत्तर द्यायचे असेल तर तुमची गरज काय, म्हणाली. तेव्हापासून मी माझ्या चुका जपून ठेवू लागलो.

एकदा मी असा मोजत बसलो असताना गावातला गेणबा मागे येऊन उभा राहिला. त्याला कुठेही मागे येऊन उभे राहायची सवय आहे. पडद्यावर पेशींचे एक कडे एकदम उजळत होते आणि एकदम मंद होत होते. गेणबाने ते बराच वेळ पाहिले.

"आप्पा," तो म्हणाला, "ही तर आपली गजी हाय."

खोटे नव्हते. बिरोबाच्या जत्रेला आमच्याकडे गजी नाचतात. मधे ढोल, जवळच झांज, भोवती पांढऱ्या कपड्यांतल्या पुरुषांचे रिंगण, प्रत्येकाच्या हातात पांढरा रुमाल. ढोलाच्या ठोक्याला सगळे रुमाल एकदम वर जातात, एकदम खाली येतात. शेळ्यामेंढ्या जाऊन ऊस आला, पोरे इंदापूर-बारामतीला कामाला लागली, तरी जत्रेला रुमाल घेऊन हजर राहतात. वरून पाहिले तर ते तसेच दिसणार.

गेणबाने ही उपमा माझ्या ओट्यावर ठेवली असती तर पुढचे काही झाले नसते. पण दिवस मावळायच्या आत गावभर झाले, की आप्पाकडे एक मशीन आले आहे आणि गजीत कोण चुकते ते मशीन धरून देते.

नेमका त्याच वेळी गजीत वाद पेटला होता. ढोल संभाजीतात्याचा. तात्या माझ्याहून थोडा मोठा. आम्ही दोघे पोरे होतो तेव्हापासून मी त्याला ढोल वाजवताना पाहतो आहे. त्याचा पुतण्या यशराज इंदापूरला लग्नाचे शूटिंग करतो, त्याच्याकडे ड्रोन आहे. ढोल तो तात्याकडूनच शिकला. यंदा तालमीत तो म्हणाला की ठोका हलतो आहे. तात्याने उत्तर दिले की ढोल जागच्या जागी आहे, पाय हलत आहेत. मोटारसायकलवर बसून बसून पोरांचे पाय पाय राहिले नाहीत. मग यशराज म्हणाला की या जत्रेला ढोल मी धरतो, तुम्ही बसा. तात्या रागावला की बोलत नाही, आणि तेच जास्त त्रासाचे असते. मंडळात दोन तट पडले.

ढोल गेला तर तात्याकडे काय उरणार, हे कोणी उघड बोलत नव्हते. मुले चाकणला, शेत वाट्याने दिलेले. सकाळी उठून ढोलाच्या दोऱ्या ताणायच्या आणि तिन्हीसांजेला सैल करायच्या, याच्या मधे त्याचा दिवस बसवलेला होता. मला रोज ओट्यावरून तो दिसे. त्या दोऱ्यांशिवाय तो अंगणात काय करील, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना.

मशीनने निवाडा करावा ही कल्पनाही गेणबाचीच. यशराजने ड्रोनने वरून शूटिंग करायचे, आणि बटण आप्पाने दाबायचे. मशीन सांगेल तो ढोल धरील. दोन्ही बाजूंना मी चाललो, कारण माझी भीती कोणत्याच बाजूला नव्हती. वैष्णवी नाही म्हणेल या आशेने मी तिला फोन केला. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली की वैद्यकाच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, पण लुकलुकणारे ते लुकलुकणारे. पेशीचा आकार मोठा करून द्या म्हणजे माणूस मावेल.

शूटिंगच्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात जो तो लखलखीत होऊन आला. उजळ ठिपका मशीनला आवडतो, अशी बातमी कुठून तरी पसरली होती. रुमालांना एवढी नीळ घातली होती की ते आभाळी दिसत होते. गेणबाने तर कमाल केली. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना कारखान्याने दिलेले चमकत्या पट्ट्यांचे जाकीट तो मुलाकडून मागून, सदऱ्यावरून घालून आला. टळटळीत उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हते. यशराजने ड्रोन वर चढवला, तो आभाळात स्थिर उभा राहिला, आणि यशराज पळत येऊन रिंगणात शिरला. तात्याने कोणाकडे न बघता ढोलाची टिपरी उचलली. त्या टिपरीच्या टोकाला पांढरी चिंधी गुंडाळलेली असते. नाच झाला. मला तरी सगळे छान वाटले. पण मला नेहमीच वाटते.

व्हिडिओ घेऊन मी देवळाच्या सभामंडपात बसलो. मागे कोणी उभे राहू नये एवढी एकच अट घातली होती. गेणबा मागे नाही, शेजारी बसला. यंत्राने माणसे शोधली, रेघा काढल्या, आणि जाकिटामुळे सारख्या चमकत राहिलेल्या गेणबाला मृत ठरवून बाद केले.

पडलेले बटर तसेच सोडून गेणबा बाहेर पळाला आणि आपण मेल्याचे स्वतः सर्वांना सांगू लागला. पटांगणात एकच गर्दी झाली. कोणी त्याच्या पाया पडले, कोणी खांदा द्यायला पुढे आले. त्याची बायको ठमाबाई लांबूनच विचारत होती, की मग रात्रीच्या भाकरी एकीच्याच थापू का. निकालाची आठवण काही वेळ कोणालाच राहिली नाही.

मी एकटा राहिलो आणि बाणांकडे पाहू लागलो. सगळ्या रुमालांचे बाण उलटे मागे नेले की ते तात्याच्या टिपरीपाशी येत होते. म्हणजे सगळे तात्याच्या मागून चालत होते. मला हायसे वाटले. पण तात्याकडेही एक बाण येत होता. बाहेरून. रिंगणाच्या पलीकडून, चित्राच्या अगदी कडेजवळून.

तिथे एक ठिपका होता. यंत्राने त्याला हिरवी रेघ काढली होती, आणि सबंध पटांगणात त्याच्याइतका नियमित ठिपका दुसरा नव्हता. मी चित्र मोठे केले. देवळाच्या पायरीवर सारजावहिनी बसल्या होत्या, तात्याची बायको. पुढ्यात नैवेद्याचे ताट, हातात स्टीलची ताटली. त्या ताटलीने माश्या वारत होत्या. ताटली हलली की तिच्यावर ऊन चमके, आणि ती चमकली की लगेच तात्याची टिपरी पडे.

मी माझे चुकले असेल म्हणून पुन्हा पाहिले. मग आठवू लागले. तात्या हल्ली मी विचारले एक तर सांगायचा दुसरे. मी ते त्याच्या तोऱ्यावर टाकले होते. तालमीला तो कायम पायरीकडे तोंड करून उभा राहायचा. आणि सारजावहिनी तालमीला कधी चुकत नसत.

त्या आत आल्या तेव्हा मी लॅपटॉप मिटायला हवा होता. माझे हात अशा वेळी उशिरा हलतात. त्या माझ्यासाठी दुसरा चहा घेऊन आल्या होत्या.

"भावजी, गेणबा खरंच मेला का?"

"यंत्राच्या मते."

त्या हसत हसत वाकल्या आणि त्यांना पडदा दिसला. पायरी दिसली, ताटली दिसली. त्यांनी चहा खाली ठेवला.

"ही मी व्हय?"

मी मान हलवली.

"आन् ह्यो बाण?"

"तुमच्याकडून तात्याकडे जातो."

बाहेर गेणबाच्या तिरडीची बोलणी चालली होती. सारजावहिनी खांबाला टेकून बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. तात्याचा उजवा कान केव्हाच गेला. डावाही चालला आहे. ढोल हाताला कळतो, पण झांज कानालाच कळावी लागते. ती ऐकू येईना तसा ठोका सुटू लागला. मग एकदा माश्या वारता वारता त्यांच्या लक्षात आले, की तात्या त्यांच्या हाताकडे बघतो आहे. त्यांनी हात झांजेवर धरला. दोघांत यावर एक शब्दही बोलणे झालेले नाही. परवा तालमीला शेजारीण मधे येऊन बसली आणि नेमका तेव्हाच यशराजला ठोका हललेला दिसला.

"माश्या नेमक्या गजीच्या टायमालाच कशा येत्यात," त्या म्हणाल्या, "हे गावात कुणी इचारलं न्हाय."

मीही विचारले नव्हते.

"यशराजनं ह्ये बघितलं तर ढोल गेला. मला काढा ह्यातनं."

मी म्हणालो की तसे काढता येत नाही. यंत्र आपले आपण शोधते. आपण एखाद्याला पुसून टाकले तर ते खोटे होईल, आणि वैष्णवीचे काम आहे.

"मग खोटं न करता काढा," वहिनी म्हणाल्या. त्यांना ते अगदी सोपे वाटत होते.

मी बराच वेळ चष्मा पुसला. मग त्यांना कडेच्या पेशीचा नियम सांगितला. कोणता भाग मोजायचा ती चौकट आपल्याला आखता येते. चौकट जरा अलीकडे ओढली तर तिची कड बरोबर पायरीवरून जाईल, त्या अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर राहतील, आणि यंत्र त्यांना स्वतःहून सोडून देईल.

"कापा."

मी चौकट धरली. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"कापायच्या आदी सांगा. मशीन माझ्याबद्दल काय म्हणत हुतं?"

"सगळ्यांत नियमित म्हणत होते."

त्यांनी पदर सारखा केला. स्वतःच्या हिरव्या रेघेकडे एकदा नीट पाहून घेतले. मग मी चौकट ओढली, आणि सारजावहिनी नियमाप्रमाणे मोजणीतून गेल्या.

निकाल पाहायला सगळे आत आले. गेणबाला त्यांनी खांद्यावरच आणले होते. सगळे बाण तात्यापासून सुरू होत होते, आणि तात्याच्या आधी कोणीच नव्हते. लाल रेघा निघाल्या त्या चारदोन नाचणाऱ्यांभोवती, आणि त्यांत सर्वांत ठळक यशराजभोवती, कारण नाचताना तो सारखा मान वर करून आपला ड्रोन पाहत होता. हसण्याने सभामंडप भरून गेला. तात्याला कोणी तरी खुणेने सांगितले. त्याने फक्त मिशीवरून हात फिरवला आणि ढोल उचलून घरी नेला.

यशराज मात्र हसला नाही आणि चिडलाही नाही. तो पडद्याजवळ येऊन जरा जास्तच वेळ उभा राहिला. शूटिंग याहून रुंद नव्हते का, असे त्याने मला विचारले. मी लॅपटॉप जुना आहे, पडदा लहान आहे, सभामंडपात उजेड कमी आहे, असे सुचेल ते सांगितले. त्यातले एक कारण पुरले असते. तो बरं म्हणाला आणि गेला.

वैष्णवीनेही फोनवर पहिला प्रश्न तोच केला, की चौकट पूर्ण घेतली होती ना. आमच्याकडे रेंज बरी असते, पण त्या दिवशी मी ती घालवली.

जत्रेच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोणी भापकरचे, पळसदेवचे पाहुणे आले होते. गर्दीत मला नेहमी अशी जागा लागते जिथून आपल्याला दिसेल आणि आपण कोणाला दिसणार नाही. देवळाच्या पायरीपुढे तशी एक छान जागा मिळाली. मी तिथे उभा राहिलो, ढोल सुरू झाला, आणि मला त्या दिवसापुरते तरी समाधान वाटू लागले.

मग ठोका हलला.

एखादाच असेल असे वाटले, तोवर पुढचाही हलला. रिंगणातले रुमाल काही वर, काही खाली राहिले. झांजवाला घाबरून इकडेतिकडे बघू लागला. तात्या मान ताणून, कधी डावीकडून कधी उजवीकडून, माझ्याच दिशेने काही तरी शोधत होता. माझे कुठे काही चुकले आहे का, म्हणून मी सदऱ्याची बटणे तपासली. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. यशराजच्या बाजूची पोरे त्याच्याकडे बघू लागली, आता तरी ढोल धर म्हणून.

यशराज रिंगण सोडून निघाला. पण तो ढोलाकडे गेला नाही. रुमाल उडवत, पाय न चुकवता, नाचत नाचत तो सरळ माझ्याकडे आला. मला वाटले मला आत ओढतो की काय. माझ्या तोंडापुढे त्याने एक गिरकी घेतली.

"आप्पा, तितं काकीला कापलं ते कापलं," तो म्हणाला, "हितं तरी कापू नका. सरका बाजूला."

आणि गिरकी पुरी करून तो परत रिंगणात गेला.

मी मागे वळून पाहिले. सारजावहिनी पायरीवर बसून ताटली जेवढी उंच धरता येईल तेवढी उंच धरून हलवत होत्या, आणि ती बरोबर माझ्या पाठीच्या मागे हलत होती. मी एवढ्या घाईने बाजूला झालो की नैवेद्याच्या ताटाशेजारी बसलोच. उन्हाची एक तिरीप माझ्या डोळ्यांवरून पटांगणात गेली. तात्याची मान स्थिर झाली. पुढच्या ठोक्याला सगळे रुमाल एकदम वर गेले, आणि वर जातच राहिले.

शूटिंग यशराजचे, रुंद व्हिडिओ पहिल्यापासून त्याच्या मोबाइलमध्ये होता. ढोल त्यानेच मागितला होता आणि पुरावाही त्याच्याचजवळ होता, तरी तो आठवडाभर गप्प कसा राहिला, हे मी विचारले नाही. तात्याचा हात गेला असे त्याला वाटले होते. गेला तो कान निघाला. तेवढ्यावर तो आपला नाचत होता, या वेळी मान खाली ठेवून. रिंगणात सर्वांच्या पुढे गेणबा होता. मेल्यावर त्याच्या अंगात फारच चपळाई आली होती.

सारजावहिनींनी माझ्याकडे बघितलेही नाही. नजर झांजेवर, हात हलता.

"बसलाच हायसा तर बसा," त्या म्हणाल्या. "हात भरून आलाय माझा. पदर सुटतोय, ही जरा धरा बघू."

नाही म्हणायच्या आत ताटली माझ्या हातात आली. मी ती दोन ठोके हलवली. त्या दोन ठोक्यांत ढोलाचे काय झाले ते मला विचारू नका. वैष्णवीलाही विचारून उपयोग नाही. त्या दिवशी ड्रोन पेटीत होता.